शहाण्णव मोजून एक झांज

जागेश्वर जेवताना उत्तर देत नाही, ही तुळजाबाईची पहिली तक्रार. दुसरी अशी, की पहिली तक्रार तिला त्याच्या तोंडावर करता येत नव्हती.

जागेश्वर तिचा जावई, आणि तोही घरजावई. गोपिका ही एकुलती एक लेक, म्हणून लग्नात पोरगी द्यायच्या ऐवजी तुळजाबाईने पोरगाच घरी आणला. पण नागपूरच्या गोळीबार चौकाजवळच्या त्यांच्या कोष्टीपुऱ्यातली जुनी रीत अशी, की सासूने जावयाशी समोरासमोर बोलायचं नाही. डोक्यावर पदर घ्यायचा, तोंड भिंतीकडे करायचं आणि जे काय असेल ते मधल्या माणसाला सांगायचं. जावई सणावाराला पाहुणा म्हणून यायचा, त्या काळातली ही रीत. तोच जावई त्याच छपराखाली नऊ वर्षं राहिला तर काय करायचं, हे रीत पाडणाऱ्यांनी सांगून ठेवलं नव्हतं. तुळजाबाई काही रीत मोडणारी नव्हती. गोपिका घरात असली तर ती गोपिकेला सांगायची आणि गोपिका नळावर गेली असली तर माठाला. सूत संपत आलं बरं का गा माठा, असं म्हणायची. जागेश्वरही गुणाचा, तो माठाकडे पाहून हाव, म्हणजे हो, म्हणायचा. शेजारची यमुताई सगळ्या गल्लीत सांगायची, की तुळजाबाईच्या घरात सगळ्यात जास्त तो माठच ऐकून घेतो, म्हणून त्यातलं पाणी थंड राहत नाही.

तर जेवणाचं. चार महिन्यांपासून जागेश्वर ताटावर बसला, की डाव्या हाताची बोटं मांडीवर नाचवायचा. ओठ हलायचे, आवाज नाही. गोपिकेने वरण पाहिजे का विचारलं, की एक बोट वर. थांब. मग वाढणारीने वाटी हातात धरून उभं राहायचं, वरणावर साय धरायची, आणि कधीतरी बऱ्याच वेळाने हा माणूस श्वास सोडून म्हणायचा, काय म्हटलं? तुळजाबाईने स्वतःच्या नवऱ्याचं असलं काही चालवून घेतलं नव्हतं, असं ती सांगायची. खरं म्हणजे तिच्या नवऱ्याने, रामाजीने, तिला चालवून घे की नको असं कधी विचारलंच नव्हतं. पण तो आता भिंतीवर हार घालून बसला होता आणि उलट बोलत नव्हता, म्हणून त्याच्याबद्दल काहीही सांगता येत होतं.

हे बोट नाचवणं आलं कुठून, ते सांगायला हवं. जागेश्वर दिवसा मागावर पंचे विणायचा आणि लगीनसराईत इतवारीतल्या एका बँडपार्टीत झांज वाजवायचा. एकदा अशाच एका वरातीत मनोहरराव म्हणून एक गृहस्थ होते, पोलीस बँडातून रिटायर झालेले. त्यांनी नागपुरात मोठा वाद्यवृंद उभा केला होता. बँडातले तुतारीवाले, रेल्वेतले, मिशन शाळेतले मास्तर, चर्चमध्ये व्हायोलिन वाजवणाऱ्या बाया, अशी चाळीस-पन्नास माणसं. कागदावर लिहिलेलं परदेशी संगीत वाजवायचे. दर हिवाळ्यात चार कार्यक्रम, आणि पहिल्याला मुंबईहून पाहुणे. तर वरातीत नवरदेवाचे दोस्त जागेश्वरच्या अंगावर पडून नाचत होते, एकाने तर त्याच्या टोपीत गुलाल भरला, तरी ह्याची झांज एकदाही अलीकडे-पलीकडे पडली नाही. मनोहररावांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं, की तू काय करतोस? तो म्हणाला, मोजतो. त्यांनी त्याला त्याच रात्री ठेवून घेतलं.

हे ऐकून तुळजाबाईने काय करावं? घरात तिने तोंड वाकडं केलं, की हे काय नवीन खूळ. आणि घराबाहेर पडून, नळापर्यंतच्या पन्नास पावलांत, तिने चार बायांना सांगितलं, की आमच्या जावयाला मोठ्या कार्यक्रमात बोलावलं आहे. पुढच्या आठवड्यात "बोलावलं" चं "त्याच्याशिवाय चालत नाही" झालं. दिवाळी जवळ आली तेव्हा मुंबईचे पाहुणे येणार ते जागेश्वरची झांज ऐकायलाच येणार, असं गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, आणि गल्लीत सगळ्यांकडून ऐकल्यामुळे तुळजाबाईलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

पण ह्या सगळ्यात एक गोष्ट थट्टेची नव्हती. ती म्हणजे रामाजीचा माग.

रामाजी करवतकाठी विणायचा. लुगड्याच्या दोन्ही काठांना करवतीसारखे दाते. त्याला आडवं सूत नेणारे तीन धोटे लागतात, दोन काठांचे आणि एक मधल्या अंगाचा. दाता चढताना किती आणि उतरताना किती, ते धागे मोजत राहावे लागतात. एक चुकला, की करवतीचा एक दात पडला, आणि लुगडं नेसलेली बाई रस्त्याने चालली की तो पडलेला दात सगळ्या गावाला दिसतो. रामाजी मोजायचा आणि पलीकडे बसून तिसरा धोटा तुळजाबाई फेकायची. तीस वर्षं फेकला. रामाजी गेला त्या दिवशी तिने मागावर चादर टाकली. चार वर्षं झाली, ती चादर तशीच होती. गोपिकेने दोनदा विचारलं, की ह्यांना बसू दे की त्या मागावर, पंचे काय कोणीही विणतं. तुळजाबाईने दोन्ही वेळा सांगितलं, की ज्याचं ताटातल्या वरणाकडे लक्ष नाही त्याचं काठाकडे काय राहणार. तिकडे यमुताईच्या पोराला तोच माग हवा होता. यमुताई आडून आडून नाही, सरळ विचारायची. शेवटी तुळजाबाईने दोघींनाही एकच उत्तर दिलं, की कार्यक्रम होऊ द्या, सोमवारी सांगतो. कार्यक्रम रविवारी संध्याकाळी सहाला होता. कार्यक्रमाचा आणि मागाचा संबंध काय, हे तिला कोणी विचारलं नाही. तिच्याशी बोलताना लोक असं काही विचारायचे नाहीत.

बर्डीवरच्या त्या मोठ्या रंगमंदिरात कोष्टीपुऱ्यातल्या नऊ बाया गेल्या. तुळजाबाईने ठेवणीतलं लुगडं नेसलं, रामाजीच्या हातचं. पिशवीत नारळ, नवा दुपट्टा आणि कुंकवाची डबी. कार्यक्रम संपला की गोपिकेच्या हातून जावयाचा मान करायचा, गल्लीतल्या बायांच्या देखत, असा बेत होता. वर गॅलरीत जागा मिळाली. पडदा उघडला तेव्हा काळे कोट घातलेली माणसं ओळीने बसली होती आणि सगळ्यात मागे, सगळ्यात उंच पायरीवर, विंगेच्या कडेला जागेश्वर बसला होता. शेजारच्या खुर्चीवर परातीएवढ्या दोन पितळी झांजा. यमुताईने विचारलं, की तो मागे काहून आहे? तुळजाबाई म्हणाली, की मोठी माणसं मागेच बसतात, लग्नात पाहत नाहीस का. हे तिला बसल्या बसल्या सुचलं आणि चांगलं वाटलं.

मग कोणी साहेब बोलले. मग मुंबईच्या पाहुण्यांचा सत्कार झाला, एक व्हायोलिनवाली तरुण बाई आणि एक पियानोवाले म्हातारे. दोघांना शाल, दोघांना नारळ. तुळजाबाई मोजत होती. दोनच नारळ. तिसरा आला नाही.

मग वाजायला लागलं. पन्नास माणसं एकदम वाजवतात म्हणजे काय, ते तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, आणि खोटं कशाला सांगा, पहिल्या मिनिटाला तिच्या अंगावर काटा आला. दुसऱ्या मिनिटाला ती जागेश्वरकडे पाहायला लागली. तिसऱ्यालाही. जागेश्वर बसला होता. व्हायोलिनवाल्या बायांचे हात वर-खाली होत होते, तुतारीवाल्यांचे गाल फुगत होते, ढोलवाला सुद्धा मधूनमधून उठत होता. जागेश्वर हात मांडीवर ठेवून बसला होता. एक गाणं झालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरं झालं. जागेश्वर बसलेला.

कोष्ट्याच्या घरात रिकामा हात म्हणजे आजारी हात. तान्ह्या पोराला पाळणा हलवणारी बाई सुद्धा दुसऱ्या हाताने सुताची कांडी भरते. आणि इथे हजार माणसांसमोर, दिव्याच्या उजेडात, कोट घालून तिचा जावई रिकामा बसला होता. यमुताई शेंगा फोडत होती. तिने एक दाणा तोंडात टाकला आणि शांतपणे विचारलं,

"बाई, ते परातीयले राखायले बसवलं का जवायले?"

पुढच्या ओळीतल्या दोन बाया हसल्या. तुळजाबाईने पिशवीतला नारळ चाचपून पाहिला. तेही यमुताईने नीट पाहून घेतलं.

मध्यंतर झालं तेव्हा गोपिकेने जिन्यावर आईला गाठलं आणि सांगून टाकलं. सगळ्या कार्यक्रमात ह्यांचे सहा ठोके आहेत. सगळे शेवटच्या वाजवण्यात. आधी शहाण्णव वेळा मोजायचं, मग एक झांज. मग थोड्या वेळाने पाच, लागोपाठ. झालं. चार महिन्यांपासून तिला हे माहीत होतं, पण आईने गल्लीत जे सांगून ठेवलं होतं त्यानंतर सांगायची हिंमत झाली नाही.

सहा ठोके. तुळजाबाई जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. चार महिने वरण थंड केलं, सहा ठोक्यांसाठी. पण गंमत पाहा, तिला राग जागेश्वरचा आला नाही. जावयावर चिडायचा हक्क सासूचा, तो तिने नऊ वर्षं मन लावून बजावला होता. पण दुसऱ्या कोणी त्याला कमी लेखायचं म्हणजे तिच्या घराला कमी लेखणं झालं. मुंबईच्या लोकांना येताच शाल-नारळ, आणि हा इथला, घरचा, चार महिने राबलेला, त्याला परातीजवळ बसवून ठेवलं. मान नाही, पान नाही. ती गोपिकेला जिन्यावर सोडून मागच्या दाराने रंगमंचाकडे गेली. मनोहरराव तिथे चहा पीत होते. तिने पदर सावरून विचारलं, की माझ्या जावयाला काम काहून देत नाही. ते उठून उभे राहिले, नमस्कार केला आणि म्हणाले, की त्याचं काम शेवटी आहे, त्याच्याशिवाय शेवट होत नाही. तुळजाबाईला हे पटलं नाही. पंगतीत ज्याला शेवटी बसवायचं त्याला लोक असंच काहीतरी गोड सांगतात, हे ती लहानपणापासून पाहत आली होती.

घंटा वाजली. मनोहरराव गेले. तुळजाबाई मात्र वर गेली नाही. हातात पिशवी, पिशवीत नारळ, म्हणून मागच्या शिपायाला वाटलं सत्काराची बाई असेल, आणि त्याने तिला विंगेत उभं राहू दिलं. तिथून जागेश्वर तीन हातांवर होता. त्याची पाठ, त्याचा कान आणि मांडीवरची बोटं, सगळं दिसत होतं.

आता तिचा हिशेब ऐका. कार्यक्रम संपला की गर्दी होणार, मुंबईवाल्यांना लोक घेरणार, जागेश्वर कोट काढून मागच्या दाराने निघून जाणार, त्याचा स्वभावच तसा. मान करायचा तर आत्ताच. मुंबईवाले दोघं पुढे वाजवत आहेत, बाकीचे वाजवत आहेत, एक जागेश्वर तेवढा रिकामा आहे. रिकाम्या माणसाला कुंकू लावायला कोणाची हरकत असणार? इतका सरळ विचार तिला सुचला, आणि सरळ विचार सुचला की तुळजाबाई तो करून मोकळी व्हायची. गोपिका नव्हती, माठ नव्हता. पण कुंकू लावायला बोलावं लागत नाही.

शेवटचं वाजवणं सुरू झालेलं होतं. फार हळू, झोपलेल्या पोराजवळून चालावं तसं. मुंबईच्या बाईचं व्हायोलिन एकटंच वर जात होतं आणि म्हातारे पियानोवर थेंब थेंब वाजवत होते. जागेश्वरची बोटं मांडीवर चालू होती, आणि पहिल्या बोटापासून ती पाहता पाहता तुळजाबाईच्या नकळत तिची जीभही चालू झाली होती. तीस वर्षांची सवय. रामाजीची बोटं फणीवर चालायची तेव्हा पलीकडे बसून तीही मोजायची, तिसरा धोटा कधी फेकायचा ते कळावं म्हणून. शाळेत ती दुसरीच्या वर्गात दोनदा बसली आणि तिथेच थांबली. शंभरापर्यंतचे आकडे तिला मागाने शिकवले होते. आणि जागेश्वरचं हे मोजणं तर चार महिने रोज दोन वेळा, वाटीतल्या वरणावर साय धरेपर्यंत, तिने रागारागाने पाहिलं होतं. चार बोटं, मग पुढचा आकडा. चार बोटं, मग पुढचा.

सदुसष्ट, अडुसष्ट. तिने दुपट्टा खांद्यावर टाकला, नारळ काखेत घेतला, अंगठा कुंकवात बुडवला, डोक्यावर पदर ओढला आणि तीन पावलं चालून उजेडात गेली. वर गॅलरीत नऊपैकी आठ बायांनी तोंडाला पदर लावला. ही तिला नंतर कळलेली गोष्ट.

तिने जागेश्वरच्या कपाळाला अंगठा लावला.

जागेश्वर दचकला. बोटं थांबली. त्याने वर पाहिलं, आणि त्याचं ते तोंड तुळजाबाईच्या ओळखीचं होतं. रामाजी मोजत असताना कोणी दारातून हाक मारली, की त्याचं तोंड असं व्हायचं. गेला आकडा. अशा वेळी रामाजी तिच्याशी दिवसभर बोलायचा नाही, आणि ती म्हणायची, उसवा अन् पुन्हा विणा, काय एवढं. मागावर उसवता येतं. इथे पुढे पन्नास माणसं वाजवत निघाली होती आणि एकही धागा मागे घेता येत नव्हता.

तिला सगळं एकदम कळलं. हा रिकामा बसलेला नव्हता. संध्याकाळपासून तो मागावर बसला होता, आणि बोलू नये तेव्हा हाक मारणारी बाई ती स्वतः होती. वरण वाढताना रोज जी हाक मारायची, तीच बाई आज नारळ घेऊन आली होती.

पण जीभ चालूच होती. जिभेला लाज नसते. तुळजाबाई खाली वाकली आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा जावयाच्या कानाशी तोंड नेऊन बोलली. ती म्हणाली,

"एकाहत्तर."

जागेश्वरने डोळे मिटले. बोटं पुन्हा चालू झाली. बहात्तर. त्र्याहत्तर. ती त्याच्या कानात आकडे सोडत राहिली, एकेक, मागाजवळ बसल्यासारखी. आपण उजेडात उभ्या आहोत, पदराखालून नुसतं नाक दिसत आहे, आणि समोर हजार माणसं आहेत, हे तिला माहीत होतं. पण आकडा सोडून हलता येत नव्हतं. चौऱ्याऐंशीला काखेतला नारळ निसटायला लागला. तिने तो कोपराने दाबला, गुडघा वर करून सावरला, आणि मोजत राहिली. सत्त्याऐंशी. नव्वद. तिचा आवाज बारीक होत गेला आणि मान ताठ होत गेली. उद्या यमुताईला काय सांगायचं, ते तिला पंच्याण्णवच्या आतच सुचून झालं होतं: माझ्या मोजणीवर वाजलं.

"शहाण्णव," ती म्हणाली.

जागेश्वर तोवर उठून उभा होता. दोन्ही हातांत झांजा होत्या. हात हलले नाहीत.

तुळजाबाईला वाटलं, त्याने ऐकलं नाही. तिने पुन्हा म्हटलं, शहाण्णव, जरा जोरात. पुढच्या ओळीतल्या एका तुतारीवाल्याने मान वळवली. जागेश्वरने मान वळवली नाही. तो मनोहररावांकडेही पाहत नव्हता, सासूकडेही नाही, कुठेतरी मधेच पाहत होता, रामाजी पाहायचा तसा. चार बोटांएवढा वेळ गेला. तुळजाबाईच्या आयुष्यातला सगळ्यात लांब वेळ, बाळंतपण धरून.

आणि झांज पडली.

ती वाजली म्हणजे काय झालं, ते तुळजाबाईला नंतर कोणालाच नीट सांगता आलं नाही. सगळी पन्नास माणसं त्या एका ठोक्याची वाट पाहत दबून बसली होती आणि तो पडताच सगळ्यांची एकदम सुटका झाली, एवढंच तिला सांगता यायचं. सगळं रंगमंदिर भरून आलं. तिचे दोन्ही हात आपोआप कानांवर गेले आणि नारळ सुटला. पायरीवरून पायरीवर, ढोलाजवळून, तुतारीवाल्यांच्या पायांतून तो खाली गडगडत गेला, पण त्या आवाजात नारळ काय, अख्खं झाड पडलं असतं तरी कळलं नसतं. मग ते पाच ठोके झाले. मग संपलं. लोक उभे राहिले.

मुंबईची बाई वाकून नमस्कार करायला लागली तर पायाशी नारळ. तिला वाटलं, इथली काही पद्धत असेल. तिने तो उचलून कपाळाला लावला आणि छातीशी धरला. टाळ्या दुप्पट झाल्या. जावयाचा मान असा मुंबईला गेला.

बाहेर पायऱ्यांवर सगळ्या जमल्या. मनोहरराव जाता जाता थांबले. ते रागावतील म्हणून गोपिका आईच्या पुढे उभी राहिली. पण त्यांनी जागेश्वरच्या कपाळावरच्या कुंकवाकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, की पुढच्या वेळी मागे दोन खुर्च्या ठेवायच्या का? आणि हसत निघून गेले. यमुताईने शेंगांची टरफलं झटकली. तिने नीट मोजलं होतं, एकूण सहा ठोके. त्यातही पहिला जवाई विसरत होता, बाईने कानात सांगून करून घेतला, सगळ्यांनी पाहिलं. मग माग उद्या सकाळीच न्यायला पाठवते पोराला, असं ती म्हणाली.

इथे तुळजाबाईने नुसतं गप्प राहिलं तरी पुरे होतं. गल्लीत तिची शोभा राहिली असती. तिच्याच मोजणीवर वाजलं, हे सांगायला आता यमुताईसारखी साक्षीदार होती.

जागेश्वर कोट हातावर घेऊन उभा होता. तो गोपिकेकडे वळला आणि रीतीप्रमाणे तिला म्हणाला,

"तुह्या मायले सांग, तो शहाण्णव नव्हता. पंच्याण्णव होता. तिनं नारळ सावरला तो एक जास्त मोजला."

बाया थांबल्या. गोपिकेने आईकडे पाहिलं आणि सांगायला तोंड उघडलं, पण सांगण्यात काही अर्थ नव्हता, आई दोन हातांवर उभी होती. तुळजाबाईने मनात मागे जाऊन पाहिलं. चौऱ्याऐंशी, मग कोपर, मग गुडघा. गुडघ्याला पंच्याऐंशी. हाव. गुडघा मोजला होता.

रामाजी असता तर हेच म्हणाला असता. तीस वर्षांत तिने त्याला किती वेळा पलीकडून आकडा सांगितला, किती वेळा जोरात सांगितला, आणि त्याने एकदाही तिच्या सांगण्यावर धोटा टाकला नाही. त्याच्या काठाचा एकही दात कधी पडला नाही, तो काही तिच्यामुळे नाही. आत्ता अंगावर होता तोच काठ. तिने पदराची कड अंगठ्याखाली धरली आणि दोन-चार दाते उगाच चाचपून पाहिले.

मग तिने गोपिकेला खांद्याला धरून बाजूला केलं, डोक्यावरचा पदर होता तिथेच राहू दिला, पण तोंड भिंतीकडे केलं नाही.

"जवाईबुवा, आयका. मी शहाण्णव म्हटलं, दोनदा म्हटलं, तरी तुमी हात उचलला नाई. ह्या घरात माहं न आयकनारे तुमच्या सासऱ्यानंतर तुमीच. उद्या मागावरची चादर काढा. तिसरा धोटा मी फेकतो, पन मोजाचं काम तुमचं, मी बोललो तरी आयकू नका. अन् यमे, तुह्या पोराले सांग, पंचे विनत राय म्हना. अजून एक, जवाईबुवा. तुमी मोजत असले तर वरन कोनी विचारनार नाई, झाकून ठेवू. पन मोजनं झाल्यावर काय म्हटलं मनून विचारू नका. हाव का नाई, तेवढं माह्या तोंडाकडं पाहून सांगा. माठ आता म्हातारा झाला."